‘थई जशे’च्या गावात हिशेब: बडोद्यातल्या मराठी फ्रीलान्सरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सीए नाही. गेली सोळा वर्षं बडोद्यात चित्रं, पुस्तकांची मुखपृष्ठं, फरसाणाच्या पाकिटांची डिझाइन्स असं मिळेल ते काम करून घर चालवते. पहिली चार-पाच वर्षं हिशेब मला कळला नाही, पुढची दोन-तीन वर्षं व्याज आणि दंड भरत कळला. आता दर मार्चला फाइन आर्ट्समधून नुकती बाहेर पडलेली मुलं, लग्नाचे फोटो काढणारे, एडिटिंग करणारे, गाण्याचे कार्यक्रम करणारे आमच्या दांडिया बाजारच्या जिन्यात तेच तेच प्रश्न घेऊन उभे असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते. आयकराचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत, म्हणजे ३१ मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचे.

ताई, खात्यात चाळीस हजार आले. त्यातले माझे किती?

बिलात जीएसटी लावला असेल तर तेवढे सरकारचे, त्यांच्याकडे बघूसुद्धा नका. उरलेल्यातून त्या कामाचा खर्च काढा: प्रिंट, फाँट, मदतीला घेतलेल्या मुलाचे पैसे. मग जे राहिलं त्याचा दहावा हिस्सा त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका. त्याच दिवशी, कारण रात्र उलटली की ते पैसे आपलेच वाटायला लागतात. माझं हे दुसरं खातं सयाजीराव महाराजांनी १९०८ साली काढलेल्या बँकेत आहे आणि त्याचं कार्ड मी मुद्दाम घेतलेलं नाही. काढायचे तर रांगेत उभं राहावं लागतं. तेवढा आळस पुरतो.

दहावाच हिस्सा का? नव्या कररचनेत वर्षाची निव्वळ कमाई सोळा लाख असली तरी सेससकट (म्हणजे करावर लागणाऱ्या जादा ४ टक्क्यांसकट) कर १,२४,८०० रुपये होतो, म्हणजे आठ टक्क्यांच्या आत. बारा लाखांच्या आत असाल तर शून्य. मग ती शिल्लक नव्या लॅपटॉपची. वीस लाखांच्या पुढे गेलात तर हिस्सा वाढवा, आणि मला पेढे द्या.

बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणतात, मग रिटर्न कशाला भरायचं?

‘कर नाही’ हे वाक्य अर्धवट आहे. नव्या रचनेत ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ वर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के असे टप्पे आहेत. उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर या हिशेबाने येणारा ६०,००० पर्यंतचा कर सूट म्हणून माफ होतो. ही सूट रिटर्न भरून घ्यायची असते. ४ लाखांच्या वर उत्पन्न असेल, किंवा पेशातली एकूण जमा १० लाखांवर गेली असेल, किंवा वर्षात २५,००० किंवा जास्त टीडीएस (गिऱ्हाईकाने आधीच कापून सरकारात भरलेला कर) कापला गेला असेल, तर रिटर्न भरावंच लागतं.

बारा लाखांच्या थोडं वर गेलं की सगळं कोसळतं, अशी भीती घालणारे भेटतात. तसं होत नाही. १२,१०,००० उत्पन्न असेल तर टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० येतो, पण वर गेलेल्या दहा हजारांपेक्षा जास्त कर घेत नाहीत. त्यामुळे दहा हजार अधिक ४ टक्के सेस, एकूण १०,४०० रुपये.

नोकरदारांना मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट आपल्याला नाही. आणि शेअर. गुजरातेत राहून घरात एकही डीमॅट खातं नाही असं माणूस शोधावं लागेल. शेअरवरच्या अल्पकालीन नफ्याला २० टक्के कर लागतो आणि बारा लाखांची सूट त्याला लागू होत नाही. ‘माझं तर नऊच लाख आहे’ म्हणून निर्धास्त बसलेल्यांना इथे चटका बसतो.

पुण्याच्या प्रकाशकाने दहा टक्के कापून पैसे पाठवले. ते गेले का?

गेले नाहीत, तुमच्या पॅनवर जमा झाले. याला टीडीएस म्हणतात. व्यावसायिक फीवर १० टक्के कापतात. वर्षाची फी ज्या रकमेपुढे गेली की कापायला लागतात ती मर्यादा पूर्वी ३०,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. काही कंपन्या तुमचं काम कंत्राट धरतात आणि १ टक्काच कापतात. त्यावर भांडू नका, शेवटी सगळं वळतं होतं. पॅन दिला नाहीत तर मात्र २० टक्के जातात.

काम तुमचं एवढंच, दर तीन महिन्यांनी आयकर पोर्टलवर जाऊन २६एएस आणि एआयएस ही तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराची आणि व्यवहारांची पत्रकं उघडून बघायची. कापले आहेत पण भरले नाहीत, किंवा भलत्याच पॅनवर भरले, असं होतं. माझ्या एका गिऱ्हाईकाने माझा पॅन लिहिताना एक अक्षर चुकवलं, आणि ते दुरुस्त करून घेण्यात माझे सात महिने आणि बरीच गोड बोलणी खर्ची पडली. जूनमध्ये लक्षात आलं असतं तर एका फोनचं काम होतं.

घरगुती गिऱ्हाईक, म्हणजे मुलीच्या लग्नाचा अल्बम करून घेणारे काका, टीडीएस कापत नाहीत. त्यांच्याकडून आलेल्या पैशांचा कर तुमच्याच अंगावर असतो.

‘निम्मं उत्पन्न दाखवा आणि मोकळे व्हा’ असं मित्र सांगतो. मला चालेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचंच उत्तर सगळ्यात जास्त चुकीचं दिलं जातं.

मित्र सांगतो ते कलम ४४एडीए. यात एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरतात, खर्चाची बिलं दाखवावी लागत नाहीत. मर्यादा ५० लाखांची, आणि रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. पण हे कलम ठरावीक व्यवसायांनाच आहे: वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, इंटिरिअर डेकोरेटर, माहिती तंत्रज्ञान, कंपनी सेक्रेटरी आणि चित्रपट कलाकार. चित्रपट कलाकारांत कॅमेरामन, संपादक, गायक, गीतकार, संवादलेखक, वेशभूषाकार सगळे येतात, पण चित्रपटाच्या निर्मितीत काम करत असतील तर. अलकापुरीतल्या लग्नाचा व्हिडिओ कापणारा संपादक स्वतःला यात बसवू पाहतो तेव्हा मला त्याचं धाडस आवडतं, युक्तिवाद नाही.

ग्राफिक डिझायनर, चित्रकार, फोटोग्राफर या यादीत नावाने नाहीत. मग दोन वाटा उरतात. एक, काम ‘धंदा’ धरून कलम ४४एडी: बँकेतून आलेल्या जमेच्या निदान ६ टक्के आणि रोखीच्या निदान ८ टक्के उत्पन्न. मर्यादा २ कोटी, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. दोन, सरळ वह्या ठेवून खरा नफा दाखवणं. चित्र काढणं धंदा की पेशा, यावर दोन सीए तीन मतं देतात. मी स्वतः वह्या ठेवते. एकट्या माणसाच्या वह्या म्हणजे वर्षाला दोनेकशे ओळी, त्याचा एवढा बाऊ नको.

६ टक्के ऐकून डोळे चमकले असतील तर थांबा. तो खालचा आकडा आहे, खरी कमाई जास्त असेल तर जास्त दाखवायची असते. शिवाय ४४एडीत एकदा शिरून मधेच बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही. ४४एडीएला ही अट नाही.

जिथे ४४एडीए खरंच लागू होतं, तिथे चांगलं फळतं. समजा कोणी इंटिरिअर करते आणि वर्षाची जमा ३० लाख आहे. उत्पन्न धरलं १५ लाख. कर १,०५,०००, सेससकट १,०९,२००. त्या जमेतल्या १८ लाखांवर कंपन्यांनी १० टक्के म्हणजे १,८०,००० आधीच कापलेले असतील, तर ७०,८०० परत येतात. रिटर्नचा फॉर्म आयटीआर-४, वह्यावाल्यांना आयटीआर-३.

गृहकर्ज घ्यायचंय. रिटर्नमध्ये कमी उत्पन्न दाखवलेलं बरं ना?

बँक तुमची दोन-तीन वर्षांची रिटर्नं मागते आणि त्यातल्या निव्वळ उत्पन्नावर हप्ता ठरवते. वीस लाखांच्या जमेवर सव्वा लाख उत्पन्न दाखवून वाघोडिया रोडला दोन बेडरूमचा फ्लॅट मागायला गेलात, तर मॅनेजर चहा पाजतो, कर्ज देत नाही. घर घ्यायचा विचार असेल तर निदान तीन वर्षं आधीपासून खरं उत्पन्न दाखवायला लागा. बारा लाखांपर्यंत कर शून्य असताना लपवून मिळवायचं तरी काय?

कुठला खर्च मांडता येतो?

कामासाठी केलेला आणि ज्याचा कागद आहे असा. सॉफ्टवेअरचं वर्गणीशुल्क, इंटरनेट, रंग-कागद, कुरिअर, मुंबईला गिऱ्हाईकाकडे गेलात तर रेल्वेचं तिकीट, सीएची फी. घरातली एक खोली कामाला असेल तर भाड्याचा आणि एमजीव्हीसीएलच्या वीजबिलाचा वाजवी हिस्सा. तीन खोल्यांतली एक असेल तर तिसरा भाग, सगळं बिल नाही.

संगणक आणि कॅमेरा एका वर्षात पूर्ण वजा होत नाहीत, घसारा मिळतो, म्हणजे किमतीचा काही हिस्सा दरवर्षी वजा होतो: संगणकावर ४० टक्के, कॅमेऱ्यावर १५. वस्तू वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्मा. म्हणून ‘मार्च संपायच्या आत कॅमेरा घेऊन टाकू, कर वाचेल’ या सल्ल्यात फारसं तेल नाही. आणि एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च धरतच नाहीत. जास्तीच्या मजुरीचे पैसे यूपीआयने द्या.

४४एडी किंवा ४४एडीए घेतलंत तर हा सगळा परिच्छेद विसरा, तिथे खर्च वेगळा मांडता येत नाही.

वही दिवाळीला सुरू करू की मार्चला?

आपल्या गावात धनत्रयोदशी आली की मांडवीच्या दुकानांत लाल चोपडे रचले जातात, आणि लक्ष्मीपूजनाला शेजारचे शेठ चोपडापूजन करतात. तुम्हीही करा, मी करते, प्रसाद चांगला असतो. पण आयकर खात्याचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. लाल चोपड्यात शुभलाभ लिहा आणि हिशेब एक्सेलमध्ये ठेवा: तारीख, कोणाकडून, बिल क्रमांक, रक्कम, जीएसटी, टीडीएस, पैसे आले ती तारीख. सात रकाने. बिलांना सलग क्रमांक हवेत. जीएसटीत असाल तर कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात. नसाल तरी फेकू नका.

आगाऊ कर म्हणजे काय? सगळं रिटर्नच्या वेळी भरलं तर?

व्याज लागतं. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर दहा हजार किंवा जास्त निघणार असेल तर तो वर्षातच हप्त्यांनी भरायचा: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. चुकलं की महिन्याला १ टक्का. ४४एडी आणि ४४एडीएवाल्यांना हप्ते नाहीत, १५ मार्चला एकदाच भरलं तरी चालतं. आपलं उत्पन्न नवरात्र आणि लग्नसराईत येतं, त्यामुळे जूनचा अंदाज चुकणारच. जेवढं आलंय त्यावरून भरा, पुढे फरक काढा.

जीएसटी कधी घ्यायचा? पुण्या-मुंबईची कामं करते म्हणून आत्ताच घ्यायला लागेल का?

नाही. सेवेसाठी मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे, आणि गिऱ्हाईक परराज्यातलं असलं तरी ती तीच राहते. ‘राज्याबाहेर एक रुपयाचं काम केलं तरी नोंदणी हवी’ हे वाक्य सेवेच्या बाबतीत २०१७ पासूनच खोटं आहे, पण अजून फिरतंय. २० लाख मोजताना मात्र एका पॅनवरची सगळी उलाढाल धरायची, परदेशातली कामंसुद्धा. नफा नव्हे, उलाढाल. मर्यादा ओलांडली की तीस दिवसांत नोंदणी.

डिझाइन, फोटोग्राफी, एडिटिंगवर दर १८ टक्के. स्वतः काढलेलं चित्र किंवा मूळ शिल्प विकलंत तर ती वस्तूची विक्री, त्यावरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. रविवर्म्याला दरबाराने पैसे मोजले तेव्हा ही भानगड नव्हती.

मर्यादेच्या आत असताना आपखुशीने नोंदणी करावी का? गिऱ्हाईकं कंपन्या असतील तर करा, त्यांना तुमच्या जीएसटीची वजावट मिळते आणि तुम्हालाही लॅपटॉपवर भरलेला जीएसटी वळता होतो. गिऱ्हाईकं लग्नघरची असतील तर करू नका, त्यांच्यासाठी तुम्ही उगाच १८ टक्के महाग होता. छोट्यांसाठी ६ टक्क्यांची कंपोझिशन योजनाही (उलाढालीवर सरसकट कर) आहे, ५० लाखांपर्यंत, पण त्यात परराज्यात काम देता येत नाही. म्हणजे पुण्याचा प्रकाशक गेला.

एकदा नंबर घेतला की काम असो-नसो विवरण भरायचंच. कोरं विवरण उशिरा भरलं तरी दिवसाला २० रुपये, व्यवहार असेल तर ५०. हे आकडे बारीक दिसतात, पण विसरलेले आठ महिने बारीक नसतात.

कोटेशनमध्ये जीएसटी लिहायला विसरले. आता?

आता तुम्ही भरा. मी भरलाय. नंबर घेतल्यानंतरचं पहिलंच मोठं काम, पॅकेजिंगचं, तोंडी ऐंशी हजार ठरलं. बिल ९४,४०० चं पाठवल्यावर शेठ हसून म्हणाले, “बेन, ऐंशी म्हणजे ऐंशी, बधुं अंदर.” ऐंशी हजारांत १८ टक्के ‘अंदर’ धरले तर १२,२०३ रुपये सरकारचे होतात. माझ्या हाती ६७,७९७ आले. तेव्हापासून माझ्या कोटेशनच्या पहिल्याच ओळीत ‘जीएसटी वेगळा’ असं ठळक असतं.

दुसरा खड्डा असा, की बिल फाडलं की जीएसटी देय होतो, पैसे आले असोत वा नसोत. म्हणून आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल पाठवा. पक्कं बिल काम पूर्ण झाल्यापासून तीस दिवसांत द्यायचं असतं. तेवढ्या मुदतीत पैशांची बोलणी उरका. अ‍ॅडव्हान्स घेतलात तर मात्र त्यावरचा जीएसटी त्याच महिन्याच्या हिशेबात धरायला लागतो.

न्यू जर्सीच्या पटेलांनी काम दिलंय. परदेशी काम, म्हणजे जीएसटी शून्य ना?

बडोद्यात हा प्रश्न दर आठवड्याला येतो, कारण प्रत्येक गल्लीतलं कोणी ना कोणी तिकडे आहे. उत्तर पैसे कुठून आले यावर अडतं.

निर्यात ठरायला गिऱ्हाईक भारताबाहेर हवं, सेवेचं ठिकाण भारताबाहेर धरलं जायला हवं, आणि पैसे परकीय चलनात यायला हवेत. मग दर शून्य. नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र पोर्टलवर भरायचं, नाहीतर आधी कर भरून मग परतावा मागत बसावं लागतं. पैसे आल्याचा बँकेचा किंवा पेमेंट कंपनीचा दाखला प्रत्येक वेळी उतरवून ठेवा. दोन वर्षांनी तो मागितला की सापडत नाही.

आता पटेलकाका म्हणतात, “पैसे माझा भाऊ कारेलीबागेत आहे, तो रुपयांत देईल.” दिले, तुम्ही घेतले, आणि तुमची निर्यात तिथेच संपली. रुपये, तेही इथल्या खात्यातून. १८ टक्के लागू. त्यांना प्रेमाने सांगा की डॉलर पाठवा.

दुसरं, तिकडचं जोडपं लग्नाला बडोद्यात आलं आणि तुम्ही इथे फोटो काढलेत, तर तीही निर्यात नाही. जोडप्याला समोर उभं करून केलेलं काम जिथे झालं तिथलंच धरतात. तिकडच्या कंपनीचा लोगो इथे बसून केलात तर निर्यात.

आयकर मात्र दोन्हीकडे लागतो. ‘डॉलरवर टॅक्स नसतो’ हे मला एका हुशार मुलाने गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं. अमेरिकन कंपनीने डब्ल्यू-८बीइएन फॉर्म मागितला तर घाबरू नका, तुम्ही तिथले रहिवासी नाही हे सांगणारा तो कागद आहे.

गाण्याच्या कार्यक्रमाच्या मानधनावर जीएसटी?

शास्त्रीय किंवा लोककलेच्या परंपरेतलं गायन, नृत्य, नाट्य असेल आणि एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखांपर्यंत असेल तर माफ. ज्या गावात १८८६ पासून संगीत शाळा आहे तिथे हे ठाऊक असायला हवं. सिनेगीतांचा ऑर्केस्ट्रा यात बसत नाही. आयकर सगळ्यांना.

पुस्तकाच्या रॉयल्टीवर?

लेखकाने प्रकाशकाला स्वामित्वहक्क दिला तर जीएसटी साधारणपणे प्रकाशक भरतो, उलट बाजूने. चित्रकार आणि फोटोग्राफरने निर्मात्याला किंवा संगीत कंपनीला हक्क दिले तरी तसंच. पण मुखपृष्ठ ठरलेल्या फीवर करून दिलंत तर ते साधं काम, त्याला ही सोय लावू नका.

लग्नाचे पैसे रोखच देतात. घेऊ का?

घ्या, पण एका प्रसंगासाठी दोन लाखांच्या खाली. हळद, संगीत, लग्न, रिसेप्शन हे चार कार्यक्रम असले तरी प्रसंग एकच. चार वेळा साठ-साठ हजार रोख घेतलेत तर दोन लाख चाळीस हजार झाले, आणि जेवढे घेतले तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. शिवाय रोख जमा ५ टक्क्यांच्या वर गेली की वर सांगितलेल्या वाढीव मर्यादा हातच्या जातात.

काम देऊन चार महिने झाले. विचारलं की म्हणतात ‘थई जशे’. काय करू?

‘होऊन जाईल’ याचे बडोद्यात तीन अर्थ आहेत. “थई जशे” म्हणजे पैसे आहेत, आठवण हवी. “आवता अठवाडिये” (पुढच्या आठवड्यात) म्हणजे पैसे नाहीत. “साहेब बाहरगाम छे” म्हणजे वकील बघा.

पण हत्यार आधी पाजळायचं असतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, आधार आणि पॅन लागतो. पैसे मागणाऱ्या हुबेहूब साइट आहेत, त्यांत अडकू नका. डिझाइनरसारखी सेवा देणारा एकटा माणूसही ‘सूक्ष्म’ उद्योग ठरतो, कारण ती मर्यादाच १० कोटींच्या उलाढालीची आहे. नोंदणी काम घेण्याआधीची हवी, भांडण झाल्यावर धावत जाऊन केलेली उपयोगी पडत नाही.

मग छोट्या उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमइडी कायदा तुमच्या बाजूने येतो. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. करारात ९० दिवस लिहिले असले तरी ४५ च चालतात. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते.

प्रत्यक्षात मी तक्रारीपर्यंत एकदाच गेले. बाकी वेळा एक ओळ पुरली आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरात ४३बी(एच) हा नियम आहे, की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते देईपर्यंत गिऱ्हाईकाला तो खर्च वजा करता येत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेठजींना नाही, त्यांच्या अकाउंटंटला नम्र मेल करा: ‘माझा उद्यम क्रमांक सोबत आहे, ४३बी(एच) साठी नोंद घ्यावी.’ ज्या पैशांसाठी मी दिवाळीपासून फोन करत होते ते एकदा तीन दिवसांत आले.

आणि निम्मे पैसे आधी. मूळ फाइल शेवटचा हप्ता आल्यावर. ओळखीतल्यांना, मामांना, सोसायटीच्या गणेशोत्सवालासुद्धा. गणपतीचं एक पोस्टर वर्षाला फुकट करते, तेवढंच.

व्यवसाय वेरो भरायचा असतो का?

हो. बाहेर याला व्यवसाय कर म्हणतात, इथे पालिका तो गोळा करते. राज्यघटनेप्रमाणे वर्षाला २,५०० पेक्षा जास्त असू शकत नाही. स्वतःचं काम करणाऱ्याने आपल्या नावाची नोंद करून भरायचा, मदतनीस पगारावर ठेवला तर त्याची वेगळी. भरलेला वेरो खर्चात धरता येतो. वॉर्ड ऑफिसात काम होतं, त्यासाठी खंडेराव मार्केटच्या मुख्य कचेरीत जायची गरज नसते. इमारत बघायला जायचं असेल तर जा.

कमुर्त्यात काहीच काम नसतं. तेव्हा घर कसं चालवायचं?

डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत इथे लग्नं नाहीत, चातुर्मासात नाहीत, पितृपक्षात तर नवा लोगोही कोणी मागत नाही. फोटोग्राफरचं वर्ष खरं सहा-सात महिन्यांचं असतं. तरी सगळे नवरात्रीतली कमाई नवरात्रीच्या भावाने खर्चतात.

मी स्वतःला पगार देते. गेल्या दोन वर्षांतला सगळ्यात कमी कमाईचा महिना आणि सरासरी यांच्या मधला आकडा, दर महिन्याच्या ५ तारखेला कामाच्या खात्यातून घरच्या खात्यात. चांगल्या महिन्यातही तेवढाच. उरतं ते सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत मुदत ठेवीत. तोवर एसआयपी वगैरेंचे फोन घेऊ नका. आरोग्य विमा मात्र आधी, आपल्यामागे कंपनी नाही. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, हे एजंट सांगायला विसरतो.

जुनी कररचना घेऊ की नवी?

धंदा-पेशावाल्यांना यात नोकरदारांसारखं दरवर्षी उड्या मारता येत नाहीत. जुनी हवी तर मुदतीत १०-आयइए फॉर्म भरायचा, आणि मग नवीत परतायची संधी एकदाच. मोठं गृहकर्ज, पीपीएफ, विमा यांच्या वजावटी भरपूर असतील तरच जुनीचा हिशेब मांडून बघा. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना नवीच सोयीची पडली.

मी अजून शिकतेय. मला काय लागू?

शिकताय म्हणून कर माफ नाही, कमी कमावताय म्हणून आहे. शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त, पण चित्र विकून किंवा लोगो करून आलेले पैसे उत्पन्न. टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरून परत घ्या. मुलं तीन-चार हजार तसेच सोडून देतात आणि मग कॅनव्हास महाग झाला म्हणतात.

नवा आयकर कायदा आलाय, मग ही कलमं बाद?

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला. १९६१ च्या कायद्यातले कलमांचे क्रमांक बदलले, ‘करनिर्धारण वर्ष’ जाऊन सरळ ‘कर वर्ष’ आलं. २०२५-२६ चं रिटर्न मात्र जुन्या कायद्यानेच. लोक ४४एडीएला बराच काळ ४४एडीएच म्हणणार आहेत, म्हणून मीही वर तेच लिहिलंय.

सीए लागतोच का?

वह्या नीट असतील आणि जीएसटी नसेल तर रिटर्न स्वतः भरता येतं. जीएसटी, परदेशी पैसे किंवा नोटीस, यातलं काही असेल तर घ्या. आणि पासवर्ड व नोंदवलेला मोबाइल क्रमांक तुमचाच असू द्या. एका मित्राचा ओटीपी तीन वर्षं एका ऑफिसच्या शिपायाच्या फोनवर जात होता.

कागद घेऊन कधी येऊ?

१४ मार्चला नको. उत्तरायणाचा मांजा हातातून सुटला की फेब्रुवारीत या, संध्याकाळी पाचनंतर. सात रकान्यांची वही भरून आणा, पिशवीतल्या चिठ्ठ्या मी लावत बसणार नाही.